पंचवीस घोड्यांचा वाद

नेपरव्हिलला समुद्र नाही. गावातून ड्यूपेज नदी वाहते, पण ती रिव्हरवॉकवर फिरायला आणि पोरांना बदकं दाखवायला. तरीही एप्रिल उजाडला की इथल्या कितीतरी ड्राइव्हवेंवर ताडपत्रीखालून बोटी बाहेर निघतात. उत्तरेला तास-सव्वा तासावर फॉक्स नदीवरची ‘चेन ओ लेक्स’ ही तळ्यांची साखळी आहे, पूर्वेला मिशिगन सरोवर आहे आणि विस्कॉन्सिनच्या तळ्यांना तर गणतीच नाही. शनिवारी पहाटे ट्रकच्या मागे बोट बांधून निघायचं, हा इथला रिवाज. आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून तो उचलला. भागीत एक जुनी, वीस फुटी बास बोट घेतली.

बास बोट म्हणजे मासेमारीची बोट, पण आपल्याकडच्या होडीसारखी नाही. फायबरची, बुटकी, सपाट. पुढे उभं राहून गळ टाकायला मोकळा डेक, पकडलेला मासा जिवंत ठेवायची टाकी आणि मागे भलंमोठं आउटबोर्ड इंजिन. आमच्या रायगडकडे जिताडा म्हटलं की माणसं जेवणाची वेळ पुढे-मागे करतात. त्या जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात. इथला लार्जमाउथ बास मात्र वेगळ्याच कुळातला, सनफिशच्या. आणि बहुतेक लोक तो खातही नाहीत. पकडतात, मोजतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. ‘मग एवढा खटाटोप कशाला?’ हा आईचा प्रश्न अजून अनुत्तरितच आहे.

या बोटी इतक्या वेगवान का? कारण स्पर्धा. पहाटे सगळे एकाच धक्क्यावरून सुटतात आणि चांगल्या जागेवर जो आधी पोचेल त्याची जागा. त्यातून वेगाची चटक लागली आणि ती स्पर्धेत कधीही न उतरणाऱ्यांनाही लागली.

आमच्या बोटीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन म्हातारं झालं होतं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पार उतरलं होतं. मेकॅनिकने सांगितलं, दुरुस्तीला पैसे घालण्यापेक्षा नवीन बसवा. नवं मोठं आउटबोर्ड म्हणजे वीस हजार डॉलरांच्या पुढची गोष्ट. एवढ्यात चांगली मोटार येते! त्यामुळे तीन घरांत एकच विषय सुरू झाला: कुठलं घ्यायचं?

गंमत म्हणजे आपण राहतो तो भाग आउटबोर्डचं माहेरच आहे. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेतून लहानपणी इथे आलेला मुलगा. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत आउटबोर्ड इंजिनांचा धंदा सुरू केला. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला तो तळं वल्हवत पार गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं आणि त्यातून कल्पना सुचली, असं सांगतात. त्या घराण्याची पुढची कंपनी आपल्या इलिनॉयमधल्या वॉकीगनला होती. ती २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. नाव कॅनडाच्या कंपनीने घेतलं आणि २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनं बनवणंच थांबलं. मर्क्युरीची सुरुवात १९३९ ची, तीही विस्कॉन्सिनची. त्यांचा फॉन्ड दु लॅकचा कारखाना नेपरव्हिलपासून साधारण तीन तासांवर. जपानच्या यामाहाने पहिलं आउटबोर्ड १९६० मध्ये काढलं. आज बास बोटींच्या मागे बघितलं तर बहुतेक ठिकाणी मर्क्युरी नाहीतर यामाहा दिसते.

टू-स्ट्रोक का गेले, हेही सांगायला हवं. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमधून जवळपास पाव भाग इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जायचं. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, थेट इंधन फवारणारे टू-स्ट्रोक आले, त्यांनी काही वर्षं किल्ला लढवला. पण शेवटी फोर-स्ट्रोकने बाजी मारली.

तर आमच्यासमोर दोन नावं होती. मर्क्युरीचं प्रो एक्सएस: ४.६ लिटर, व्ही-८. आणि यामाहाचं व्ही मॅक्स एसएचओ: ४.२ लिटर, व्ही-६. वजन दोघांचंही पाचशे पौंडांच्या आसपास. दोन्हींत २२५ आणि २५० अश्वशक्तीचे पर्याय, आणि दोन्ही कंपन्यांत २२५ व २५० एकाच ब्लॉकवर बांधलेले. म्हणजे पंचवीस घोडे जास्त घेतले तरी वजन वाढत नाही, फक्त बिल वाढतं. इथेच वाद पेटला. आमच्यातला एक मित्र हौशी स्पर्धांत उतरायला लागलाय. त्याचं म्हणणं, ‘एवढे पैसे घालतोयच तर २५० घेऊ. पुन्हा पुन्हा घेणार आहोत का?’ आणि बोटीवरच्या पाटीवर लिहिलेलं: कमाल अश्वशक्ती २२५.

आता इंजिनिअर म्हटल्यावर एक्सेल उघडली नाही तर पदवीचा अपमान. वेगवान बोटींसाठी एक जुना ठोकताळा आहे, क्राउचचं सूत्र. त्याचं सार असं की वजन तेच राहिलं तर वेग अश्वशक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २२५ ला बोट ताशी ६५ मैल जात असेल, तर २५० ला ती साधारण साडेअडुसष्ट जाईल. दहा मैलांची सरळ धाव घेतली तर वाचतं किती? २८ सेकंद! आणि चेन ओ लेक्सवर शनिवारी दहा मैल सरळ, मोकळं पाणी मिळतंय कुणाला? निम्म्या अरुंद वाटांवर लाट न उठवता हळू जायची सक्ती असते.

उलट पंख्याकडे लक्ष दिलं तर फुकटात बरंच मिळतं. पंखा म्हणजे प्रोपेलर. करंज्याचे माझे मामा त्याला पंखाच म्हणतात, त्यांची हयात मासेमारीत गेली. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो स्क्रूसारखा किती इंच पुढे सरकेल ते माप. इंजिनाचे फेरे मिनिटाला ५७००, गिअरचं प्रमाण १.७५ ला एक आणि पिच २३ इंच धरला, तर कागदावर वेग येतो ७१ मैल. पाणी काही लाकूड नव्हे, पंखा थोडा घसरतोच. आठ टक्के घसर धरली की ६५. पिच चुकीचा निवडला तर इंजिन एकतर दमतं किंवा नुसतंच ओरडतं. इंजिन किती उंचीवर बसवलंय यावरही घसर कमी-जास्त होते. म्हणजे आधी पंखा आणि उंची जुळवा, मग घोडे मोजा.

हा सगळा हिशेब मी कौतुकाने मामांना फोनवर ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, ‘भाच्या, पळते किती ते सांगितलंस. थांबते कशी ते सांग.’

याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. बोटीला ब्रेक नसतो. ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला २९ मीटर. समोर तरंगता ओंडका दिसून हात हलेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. आणि मामा हे उगाच विचारत नव्हते. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, ती करंज्याजवळच. गेटवेहून घारापुरीला निघालेली ती बोट. पंधरा माणसं गेली. त्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ‘नवीन इंजिन’ आणि ‘वेग’ हे शब्द आता नुसते कौतुकाचे राहिलेले नाहीत.

म्हणून पुढच्या बैठकीत विषय बदलला. या बोटीत शनिवारी तीन घरांची मुलं बसणार. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा बसणार. पाटीवरचा २२५ हा आकडा बनवणाऱ्याने या बोटीच्या ढाच्यासाठी ठरवलेला आहे. तो ओलांडला आणि काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय या सपाट बोटी फार वेगात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलायला लागतात. ते सांभाळायला सरावाचा हात लागतो, आणि सुकाणूवर आम्ही तिघेही आलटून पालटून असणार. मित्राला हे लगेच पटलं नाही. पण त्याची सात वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर बसते, एवढं त्याच्या बायकोने म्हटल्यावर त्याने पुढे वाद घातला नाही.

२२५ ठरलं. राहिला प्रश्न मर्क्युरी की यामाहा. खरं सांगायचं तर दोन्ही उत्तम. मर्क्युरीचं व्ही-८ मोठं, उभ्या जागेवरून झेप घेताना जोर जाणवतो. यामाहाचं एसएचओ २०१० पासून बाजारात आहे, त्यामुळे हात बसलेले मेकॅनिक भरपूर. मूळ वॉरंटी दोघांचीही तीन वर्षांची. आम्ही निकष लावला तो साधा: मे महिन्यात बिघाड झाला तर कोण किती दिवसांत बघेल? इथला हंगाम जेमतेम सहा महिन्यांचा. दुरुस्तीच्या रांगेत तीन आठवडे गेले की उन्हाळा संपलाच. वीस मिनिटांवरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे यामाहा होती, म्हणून यामाहा. तुमच्याजवळ मर्क्युरीवाला असेल तर बेलाशक मर्क्युरी घ्या.

कुणी या फंदात पडणार असेल, तर आमच्या वहीतल्या चार गोष्टी. कंपनी बदलली तर इंजिनाच्या किमतीवर थांबू नका; थ्रॉटल, मीटर, वायरिंग, पंखा सगळं बदलतं आणि तो खर्च चार आकडी असतो. आपण मक्याच्या प्रदेशात राहतो, पंपावर इथेनॉल असतंच. दहा टक्क्यांपर्यंत ठीक, पंधरा टक्केवालं बोटीत भरायला कायद्यानेच मनाई आहे. हिवाळ्याआधी खालच्या गिअरचं तेल बदला, कारण त्यात पाणी शिरलेलं असेल तर ते गोठून अख्खं कवच तडकतं.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना वेगात जाताना ती लावणं बंधनकारक आहे. मामांना आता माझ्याकडे निदान एवढं उत्तर आहे. आमच्या बोटीत नियम एकच: दोरी लागली नाही, तर किल्ली फिरवायची नाही. स्पर्धा असो वा सहल, सुकाणूवर कुणीही असो.