थुंकी आणि बेडका

माझ्या आत्याची थुंकी दोनदा तपासली होती. दोन्ही वेळा अहवाल ‘निगेटिव्ह’. क्षय आहे हे कळेपर्यंत अडीच महिने गेले आणि ती अकरा किलोनं उतरली. नमुना कसा द्यायचा हे कुणी सांगितलं होतं का, असं पुढे एका डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “डबी दिली, थुंका म्हणाले. मी थुंकले.” तिचं हे बोलणं काही केल्या मनातून जाईना, म्हणून मेळघाटातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तीन दिवस जाऊन बसले.

खोली लहानशी, खिडक्या सताड उघड्या. तरीही कार्बॉल फुक्सिनचा वास भिंतींत मुरलेला. फिनेलसारखा, पण घशाशी जास्त चिकटणारा. काचपट्टीवर नमुना पसरायचा, वाळवायचा, लाल रंग ओतून वाफा येईपर्यंत खालून तापवायचा, आम्लानं धुवायचा, मग निळा रंग. आम्लानंही ज्याची लाली जात नाही तो क्षयाचा जंतू. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली हा जंतू जगाला दाखवला. रंगवण्याची ही रीतही त्याच दशकातली.

इथल्या तंत्रज्ञ ताई नऊ वर्षं हेच काम करताहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक आकडा सांगितला. “एका मिलिलिटरमध्ये दहा हजारांच्या आसपास जंतू असले, तर कुठं मायक्रोस्कोपखाली मला एखादा सापडतो. थुंकीत कुठून येणार दहा हजार? ती तोंडातली. जंतू छातीत आहेत.”

दहा हजार. आत्याच्या त्या दोन डब्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई एका कोरकू आजोबांना घेऊन आल्या. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप. थोड्या वेळानं डबी परत आली, तेव्हा तिच्यात पाण्यासारखं पातळ, फेसाळ काहीतरी होतं. घाईत कुणीही ती तशीच पुढे रेटली असती. ताईंनी ती उजेडात धरली आणि मास्क लावून अंगणात गेल्या. नमुना नेहमी बाहेर मोकळ्या हवेतच घ्यायचा, खोलीत नाही.

“आबाजी, हा थुका हाये. मले छातीतला बेडका पाह्यजे.”

आशाताईंनी ते कोरकूत सांगितलं. आजोबांनी मान हलवली, पण समजलं नव्हतं. मग ताई त्यांच्या बाजूला, वारा पाठीवर घेऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांना चूळ भरायला लावली. नंतर स्वतःचे दोन्ही हात बरगड्यांवर ठेवले, खोल श्वास घेतला, क्षणभर रोखला, सोडला. पुन्हा घेतला. तिसऱ्या श्वासाला कमरेत वाकून पोटातून खोकल्या. तो नुसता दाखवण्यापुरता खोकला नव्हता. त्यांचे डोळे पाणावले होते. आजोबा बघत राहिले, मग तसेच वाकले. निघालं थोडंसंच. ताईंनी घाई केली नाही. त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, दहा मिनिटांनी पुन्हा उभं केलं.

“संध्याकाळी माझ्याच बरगड्या दुखतात,” त्या नंतर म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये तारखेला रकाना आहे, नमुन्याच्या रंगारूपालाही आहे. या खोकल्याला नाही.

टेबलावर ट्रूनॅटचं यंत्र होतं. गोव्यात तयार झालेलं, बॅटरीवरही चालणारं. दुपारी वीज गेली तरी ते थांबलं नाही. त्याला दहा हजार लागत नाहीत, शंभराच्या आसपास जंतूही पुरतात. तासाभरात निकाल, आणि रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो का हेही पुढच्या चिपवर कळतं. या डोंगरांत असं यंत्र येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ते इथे यायलाच हवं होतं. पण त्याच्या पोटात जातो तो डबीतलाच थेंब. तो तोंडातला असेल तर यंत्र तरी काय शोधणार? लहान मुलं तर बेडका गिळूनच टाकतात. त्यांचं निदान आणखी अवघड.

आजोबांना दुसरी डबी घरी न्यायला दिली होती, पहाटे उठल्या उठल्या भरायची. रात्रभर साठलेला बेडका तेव्हा सुटतो. तिसऱ्या दिवशी ते काळीपिवळीतून एकटेच आले. खचाखच भरलेल्या त्या गाडीत त्यांनी डबी गमछ्यात गुंडाळून दोन्ही हातांनी मांडीवर उभी धरून आणली होती. झाकणापाशी एक थेंबही सांडलेला नव्हता. आत पिवळट, घट्ट बेडका.

यंत्रात नमुना लागलाच. ताईंनी एक काचपट्टीही केली आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. निळ्या पटलावर बारीक लाल काड्या, सुट्या, कुठे दोन एकमेकींवर पडलेल्या. पॉझिटिव्ह निकाल लाल शाईनं लिहायचा असतो. त्यांनी पेन बदललं.

सहा महिन्यांचा उपचार, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते पाचशे होते. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, गोळी सोडायची नाही, हे ताईंनी आजोबांकडून आशाताईंमार्फत दोनदा वदवून घेतलं.

मग हात धुतले आणि रांगेतली पुढची डबी उजेडात धरली. पातळ, फेसाळ. मास्क वर ओढून त्या अंगणाकडे निघाल्या.