वस्त्र काय सांगते?

बालमित्रांनो, अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेलच. अन्नाने पोट भरते, घर आसरा देते. मग वस्त्र नेमके काय करते?

पहिले काम शरीराच्या रक्षणाचे. माळव्यात वैशाखात लू वाहू लागली की आपण डोक्याला सुती पंचा गुंडाळतो. सुती कापड घाम शोषून घेते आणि घाम वाळताना अंगाला गारवा मिळतो. थंडीत लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे अंगाची ऊब बाहेर जात नाही.

दुसरे काम लज्जारक्षणाचे आणि सोयीचे. आपल्या आजीचे नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांब कापड! शिलाई नाही, बटण नाही. पण कासोटा घातला की अंग पूर्ण झाकले जाते आणि पाय मोकळे राहतात. म्हणूनच ते नेसून बायका शेतात राबत, विहिरीचे पाणी ओढत.

तिसरे काम ओळख देण्याचे. आपल्या धार जिल्ह्यातील बाघ हे गाव लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ठशांच्या छपाईसाठीही. तेथील खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. तुरटीपासून लाल रंग चढतो, तर गंजलेल्या लोखंडापासून काळा. छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुऊन धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. पूर्वी हे कापड मुख्यतः भिल्ल, भिलाला अशा समाजांसाठी छापले जाई. कापडावरची नक्षी पाहूनच नेसणारी कोणत्या समाजाची, हे जाणकार ओळखत. आपल्याकडेही पगडीच्या बांधणीवरून माणूस पुण्याचा की होळकरांच्या दरबारातला, हे कळत असे.

पण ही ओळख नेहमीच सुखाची नव्हती. काही मराठी घरांत विधवेचे केशवपन करून तिला आयुष्यभर आलवण नेसायला लावत. ते वस्त्र तिने स्वतः निवडलेले नसे. समाजाने ते तिच्यावर लादलेले असे. दुरूनच ते दिसे आणि मंगलकार्यात तिला मागे ठेवले जाई. म्हणजे जे वस्त्र माणसाला आपल्या माणसांत सामावून घेते, तेच त्याला वेगळेही पाडू शकते.

यावरून शाळेच्या गणवेशाचा अर्थ लक्षात येईल. एका रंगाच्या कपड्यांत बाकावर बसलेल्यांपैकी कोणाचे वडील दुकानदार, कोणाचे मजूर, हे सांगता येत नाही. तेथे फक्त विद्यार्थी असतात. म्हणून कोणाचा गणवेश जुना किंवा ठिगळाचा दिसला तर हसू नका. हसलात तर गणवेशाचा हेतूच संपला.

आणि या सुटीत एक काम करा. आजीच्या पेटीतले लुगडे तिच्याकडून नेसायला शिका. मुलांनी आजोबांकडून धोतर नेसायला शिकावे. कापड दुकानात विकत मिळेल, पण नेसण्याची रीत मात्र घरच्या माणसांकडूनच मिळते.