फेस विरतो, डिटर्जंट उरतो

"डॉक्टर, नाल्यावरचा हा पांढरा फेस कशाचा?" वर्सोव्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. त्यातला बराचसा फेस आपल्याच मोरीतून गेलेला असतो.

साधा साबण तेलापासून होतो. पाण्यातले जिवाणू तो सहज खातात. धुण्याच्या पावडरीत मात्र सर्फॅक्टंट नावाची कृत्रिम द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची शेपटी तेलकट मळाला धरते आणि डोके पाण्याला, म्हणून मळ सुटतो. १९५०च्या दशकात या शेपटीला फांद्या असत. जिवाणू टोकाकडून कुरतडत येत आणि फांदीपाशी अडत. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, तर अमेरिकेतील कारखान्यांनी १९६५ च्या सुमारास सरळ शेपटीचे द्रव्य आणले. आज आपल्याकडेही मुख्यत्वे तेच वापरतात.

हे द्रव्य पाण्यात भरपूर प्राणवायू असेल तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत विघटित होते. प्राणवायू नसेल तर मात्र ते जवळजवळ तसेच राहते. वर्सोव्याच्या सांडपाणी केंद्रात तळ्यांत यंत्राने हवा घुसळण्याची पद्धत आली. जे पाणी उघड्या नाल्याने थेट मालाड खाडीत जाते, त्याला हा लाभ नाही. तळाचा काळा, घाण वासाचा गाळ ही प्राणवायू संपल्याची खूण. त्या गाळाला डिटर्जंट चिकटून राहतो. पाण्यात त्याचे प्रमाण वाढले की माशांच्या कल्ल्यांना इजा होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त डिटर्जंट नसावा, असे भारतीय मानक सांगते.

हेच द्रव्य हातांच्या त्वचेतले तेलही काढून नेते. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हात कोरडे पडतात, खाजतात, बोटांना चिरा पडतात. त्याच हातांनी मासळी साफ करताना मीठ झोंबते आणि चिरेतून जंतू आत शिरतात.

फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हा समज सोडावा. पावडर मुठीने न टाकता चमच्याने मोजून घ्यावी. भांड्यांना आधी राख किंवा भुसा लावून तेलकटपणा काढावा. धुणे झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, पुसून खोबरेल लावावे. आठवड्याभरात चिरा भरल्या नाहीत, लाली किंवा पू दिसला, तर मनाने मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे.