घशात हाडूक अडकलंय की आणखी काही?

जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरचा कारवानी कुत्रा नवख्याला उपाशीच वाटतो. बरगड्या मोजून घ्याव्यात, पोट आत ओढलेलं, पाय काटकुळे. तो आजारी नसतो. सशामागे भरधाव पळण्यासाठी घडलेली ही जात. शिकारीला आता कायद्याने बंदी आली, अंगकाठी मात्र तीच राहिली. कुत्र्याचं काय बिघडलंय हे कळायला आधी त्याचं नेहमीचं रूप-वागणं माहीत हवं, ते यासाठीच. त्याचं तापमान एरवीही १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग हाताला गरम लागलं म्हणजे ताप नव्हे. उन्हाळ्यात जीभ काढून धापा टाकणंही नेहमीचंच. पण सावलीत बसूनही धाप थांबेना, हिरड्या लालबुंद झाल्या, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून, वारा घालत डॉक्टरांकडे न्यावं.

नाकातून रक्त आलं की ‘उन्हानं घोळणा फुटला’ म्हणून सोडून देतात. कान उलटून बघा, गोचीड सापडतील. गोचिडांतून एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी हा आजार आटोक्यात येतो.

खरा घात होतो तो जबड्यापाशी. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, खायला जातो पण गिळता येत नाही. घरचे म्हणतात, घशात हाडूक अडकलं, आणि कोणीतरी तोंडात हात घालतो. हाडूक क्वचित असतंही. पण ही रेबीजचीही लक्षणं आहेत. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर धावून येणारा, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. या रोगाच्या मुक्या प्रकारात कुत्रा चावत सुटत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. विषाणू मेंदूत पोचला की जबड्याचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. असा कुत्रा पाण्यात तोंड घालतोसुद्धा. लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीपासूनच असतो आणि बोटावरची खरचटही त्याला पुरते.

तेव्हा जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, त्याला वेगळं बांधा किंवा कोंडा आणि पशुवैद्यकांना बोलवा. लाळ जखमेला लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. लक्षणं दिसल्यावर या रोगावर इलाज नाही.