कार्डावरचा हँक आरन

बखरी आणि ताम्रपट यांच्याप्रमाणे च्युइंगगमच्या पाकिटातून निघणारे पुठ्ठ्याचे कार्डही इतिहासाचे साधन ठरू शकते, असे मला वाटते. हँक आरन हा अमेरिकन बेसबॉलमधील थोर फटकेबाज. ‘होमरन’ म्हणजे आपला षटकारच समजा. असे ७५५ त्याने मारले. टॉप्स कंपनीने १९५४ साली त्याचे पहिले कार्ड काढले. १९५७ च्या कार्डात निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताने खेळणारा आरन चक्क डावखुरा दिसू लागला! १९७४ च्या कार्डाने तर त्याला होमरनचा नवा सम्राट ठरवून टाकले. छपाईच्या वेळी बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडण्यास त्याला अजून दोन फटके हवे होते. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे ७१५ वा होमरन झाला.

एका कृष्णवर्णीयाने हा विक्रम मोडू नये, म्हणून त्या काळात त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. कार्डाच्या पाठीवर धावांचे आकडे आहेत. त्या पत्रांचा उल्लेख नाही. आरन २०२१ साली निवर्तला. त्याची कार्डे कौतुकाने जरूर पाहावीत. परंतु त्यांनी काय सांगितले नाही, हेही वाचकाने विचारावे.