हिमथराचा अभ्यास आणि स्कीपटू : स्वित्झर्लंडमधील वाटचाल

स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनांच्या पद्धतशीर नोंदींची सुरुवात वनखात्यात झाली, कारण डोंगरउतारावरचे जंगल हेच खालच्या गावाचे संरक्षण होते. योहान कोआझ या वनाधिकाऱ्याने १८८१ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या वेळी आल्प्समध्ये स्कीचा खेळ अद्याप रुजला नव्हता आणि हिमस्खलन म्हणजे गावावर वरून कोसळणारे संकट, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढच्या शतकभरात हा अर्थ मुळापासून बदलला.

१९३६ पासून दाव्होसजवळच्या वाइसफ्लुयोख या उंच खिंडीत स्फटिकशास्त्र आणि मृदायांत्रिकी जाणणारे मोजके संशोधक हिमथर उभा कापून त्याचे परीक्षण करू लागले. पडलेले हिम पडते तसे राहत नाही, हा त्यांच्या १९३९ मधील ग्रंथाचा गाभा होता. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरचा पृष्ठभाग रात्रीच्या थंडीत कितीतरी अधिक गारठतो; या तफावतीमुळे बाष्प खालून वर सरकते आणि तळाशी टोकदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक वाढतात, जे हातात घेतले असता साखरेच्या दाण्यांसारखे ओघळतात. हिमथर जितका पातळ, तितकी ही तफावत कमी अंतरात सामावते आणि तळ तितका ठिसूळ होतो. म्हणूनच सुरुवातीला कमी हिम पडलेला हिवाळा स्कीपटूसाठी पुढे अनेकदा अधिक घातक ठरतो; ‘हिम कमी म्हणजे धोका कमी’ हा सर्वसामान्य समज त्यामुळे फार महागात पडतो. अशा दुर्बळ थरावर वाऱ्याने आणलेल्या हिमाचा घट्ट, सलग थर, म्हणजेच स्लॅब, बसला की एका माणसाच्या वजनानेही खालचा थर मोडू शकतो, ती मोड क्षणात उतारभर पसरते आणि साधारण ३० अंशांहून अधिक तीव्र उतारावर सगळा स्लॅब एकदम सुटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याने चालवलेली हिमस्खलनाची धोकासूचना १९४५ मध्ये दाव्होसच्या हिमसंशोधन संस्थेकडे आली. १९५०–५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे हिमस्खलनात दगावली. त्यानंतर उतारांवर पोलादी अडसर उभे राहिले आणि धोकादायक पट्ट्यांत बांधकामाला बंदी आली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तशीच प्रचंड हिमवृष्टी झाली, आल्प्समधील वस्ती आणि वाहतूक दरम्यान कितीतरी वाढली होती, तरी स्वित्झर्लंडमधील मृतांचा आकडा १७ वर थांबला. हे यश निःसंशय मोठे आहे.

मात्र गावे सुरक्षित होत असताना बळींचे स्वरूप पालटले होते. अलीकडच्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी सरासरी वीसहून अधिक लोक हिमस्खलनात प्राण गमावतात आणि त्यांतील बहुतेक जण आखलेल्या स्कीमार्गांपलीकडे, मोकळ्या डोंगरात गेलेले असतात. दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी ते हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असते. येथे पोलादी अडसर निरुपयोगी ठरतो. उपयोग होतो तो निर्णयाचा.

१९९३ मध्ये युरोपीय देशांनी पाच पायऱ्यांची समान धोकाश्रेणी स्वीकारली. तिची तिसरी पायरी, ‘लक्षणीय’, हीच सर्वाधिक मृत्यूंची आहे, कारण चौथ्या पायरीला धोका उघड दिसतो आणि माणसे घरी थांबतात, तर तिसरीला आकाश निरभ्र आणि उतार मोहक असू शकतो. वेर्नर मुंटर या स्विस गिरिमार्गदर्शकाचे महत्त्व येथे आहे. काही मीटरांवर हिमथर बदलतो, म्हणून एका खड्ड्यातील चाचणीवरून संपूर्ण उताराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे ओळखून त्याने १९९० च्या दशकात धोकापातळीला उताराच्या कोनाशी जोडले : दुसऱ्या पातळीला ४० अंशांखाली, तिसऱ्या पातळीला ३५ अंशांखाली, चौथ्या पातळीला ३० अंशांखाली राहावे. स्फटिकांच्या अभ्यासाशी फारकत घेणारा हा नियम काहींना ढोबळ वाटला. परंतु थकलेल्या, उत्साही माणसाला डोंगरात पाळता येईल असा नियम देणे हेही शास्त्राचेच काम होते.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या १५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. हेलिकॉप्टर इतक्या वेळात क्वचितच पोहोचते, त्यामुळे संदेशप्रक्षेपक, शोधकाठी आणि फावडे ही साधने प्रत्येक सोबत्याच्या पाठीवर आली आणि ती वापरण्याचा सराव दौऱ्यापूर्वीच्या तयारीचा भाग बनला.