बासरची कणसे आणि नूडल्सचे सार

पूर्वी आदिलाबाद आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्याच्या अमलाखाली असलेल्या बासरास, ज्ञानसरस्वतीसमोर नातवंडांच्या अक्षराभ्यासासाठी येणाऱ्या मराठी मंडळींनी, परतीच्या गाडीस अवकाश असल्यास, उन्हाळी मक्याची कोवळी कणसे अवश्य खरेदी करावीत. मात्र तोडल्या क्षणापासून दाण्यांतील शर्करेचे पिष्टात रूपांतर सुरू होते, आणि उष्म्याने ते अधिकच त्वरेने घडते. म्हणून विलंब वर्ज्य. घरी पोचताच दाणे सुरीने उतरवून, उरलेले दांडे (ते फेकणे हा माझ्या मते दखलपात्र गुन्हा!) पाण्यात पंधरा मिनिटे उकळून काढावेत, आणि त्या गोडसर पाण्यात दाणे, आले, मीठ व झटपट नूडल्स घालावेत. मसाल्याची पुडी बाजूस ठेवून शेजारच्या धर्माबादची लाल मिरची चिमूटभर टाकावी. नूडल्स फुगण्यापूर्वीच वाढा.